पोच मिळाली का?

आज आम्ही जरा लांबची गोष्ट घेऊन आलो आहोत. गोष्ट विमानाची आहे, पण ती सुरू झाली आपल्याच गटाच्या बैठकीत.

गेल्या महिन्यात बचतीचा हिशोब झाला, चहा आला, आणि एका मावशींनी विचारलं, "माझा लेक कामाला मस्कतला निघालाय. मुंबईहून विमान उडालं की खाली सगळा समुद्रच. तिथं त्या विमानाशी कोण बोलतं गं? समुद्रात काय टॉवर असतात?" सगळ्याजणी हसल्या. हसलो आम्हीही, पण उत्तर मात्र देता आलं नाही. आमचं बी.ए. इतिहासातलं. राजे, लढाया, तह सगळं वाचलं, हे काही वाचलं नव्हतं.

त्याच बैठकीत दुसरी एक गोष्ट निघाली, ती आमच्या चुकीची. कर्जाच्या शिबिराची तारीख बदलली होती. आम्ही ती मोबाइलच्या ग्रुपवर टाकली आणि निर्धास्त झालो. वरच्या वाडीत रेंज नसते, हे आम्हाला माहीत होतं. तरी चौघीजणी जुन्या तारखेला दीड तास डोंगर उतरून आल्या. शिबीर नाही, मजुरी बुडाली, एकीच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर. आम्ही म्हणालो, "आम्ही तर टाकलं होतं." त्यावर ती म्हणाली, "टाकलं असेल ताई, पण मला मिळालं का, हे कुणी विचारलं?"

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही तालुक्याच्या वाचनालयात बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की विमानवाल्यांनाही साठ वर्षं हाच प्रश्न पडलेला आहे. निरोप पाठवला, पण पोचला का? आज तीच हकीकत सांगतो.

आधी हे समजून घेऊ की विमानाशी बोलायचं कशाला. आकाशात सिग्नल नाहीत, चौक नाहीत. कोणतं विमान किती उंचीवर, कुठल्या वाटेनं जाईल, हे जमिनीवर बसलेला हवाई वाहतूक नियंत्रक ठरवतो. पुढे वादळ दिसलं की वैमानिक विचारतो, "जरा बाजूनं जाऊ का?" नियंत्रक बाकीची विमानं बघून हो किंवा नाही सांगतो. सांगितलेलं वैमानिकानं पुन्हा म्हणून दाखवायचं असतं. नियंत्रक म्हणाला "पस्तीस हजार फुटांवर या", तर वैमानिकही म्हणतो, "पस्तीस हजार फुटांवर येतो." ऐकण्यात चूक झाली असेल तर ती तिथल्या तिथं सापडते. म्हणजे बोलणं, ऐकणं आणि पोच, हे तिन्ही झालं की मगच निरोप पुरा.

जमिनीवर हे सोपं जातं. तिथला रेडिओ असतो व्हीएचएफ जातीचा. आवाज स्वच्छ येतो, पण त्याच्या लहरी सरळ जातात. पृथ्वी गोल आहे. विमान क्षितिजाखाली गेलं की त्या लहरी पोचत नाहीत. उंच उडणाऱ्या विमानाशीही तीनचारशे किलोमीटरपर्यंतच बोलता येतं. जमिनीवर जागोजागी केंद्रं उभारून भागतं, पण भर समुद्रात ती कुठं उभारणार?

म्हणून समुद्रावर दुसऱ्या जातीचा रेडिओ वापरत, एचएफ. आपल्या जुन्या ट्रान्झिस्टरवर शॉर्टवेव्हचा पट्टा असायचा, त्याच कुळातला हा. याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून पुन्हा खाली येतात, म्हणून हजारो किलोमीटर जातात. पण तो वरचा थर सूर्याच्या लहरीवर चालतो. दिवसा एक पट्टा लागतो, रात्री दुसरा. कधी खरखर, कधी शिट्ट्या, तर कधी तासन्‌तास काहीच नाही. आजोबा रात्री बातम्यांसाठी काटा फिरवत बसायचे, ते ज्यांना आठवतं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यात आणखी एक गंमत होती. बहुतेक ठिकाणी वैमानिकाचं बोलणं थेट नियंत्रकाशी होतच नसे. मध्ये एक रेडिओ ऑपरेटर बसे. तो त्या खरखरीतून शब्द वेचून लिहून घेई आणि नियंत्रकाकडे पाठवी. नियंत्रकाचं उत्तर पुन्हा त्याच वाटेनं उलटं जाई. सासूचा निरोप जावेमार्फत सुनेला मिळावा, तशातला प्रकार. वेळ जाई आणि मधे शब्दही बदलू शकत.

विमान नेमकं कुठं आहे, हेही नियंत्रकाला दिसत नसे. रडार किनाऱ्यापासून काही अंतरापर्यंतच पाहतं. पुढे वैमानिक ठरावीक टप्प्यांवर "मी इथं आहे" असं कळवी, त्यावर सगळा कारभार. ज्याची खात्री नाही त्याला मोकळी जागा जास्त सोडावी लागते. म्हणून १९६० च्या दशकात उत्तर अटलांटिक महासागरावर शेजारून जाणाऱ्या दोन विमानांत १२० सागरी मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर अंतर ठेवत. जवळजवळ मुंबई ते सातारा. विमानं वाढत चालली, पण चांगल्या वाटा तेवढ्याच. उरलेल्यांना लांबच्या किंवा वाईट उंचीच्या वाटेनं जावं लागे. इंधन जास्त जळे, वेळ जास्त लागे.

यावरचा उपाय थेट आभाळात होता. ब्रिटनच्या आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली एका लेखात मांडलं होतं की पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताच्या वर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीच्याच गतीनं फिरेल आणि खालून एकाच जागी थांबल्यासारखा दिसेल. तिथून पृथ्वीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग नजरेत येतो. १९६४ साली अमेरिकेनं सिनकॉम-३ हा असा उपग्रह सोडला. त्या वर्षीच्या टोकियो ऑलिंपिकची चित्रं त्यानं समुद्रापलीकडे पोचवली. मग विमानांचं बोलणं का पोचवू नये?

कल्पना चांगली असली तरी विमानात माणसं बसवायची असतात. तिथं "चालेल बहुतेक" असं चालत नाही. म्हणून चाचण्या सुरू झाल्या. त्यांतली पहिली मोठी पायरी म्हणजे अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेचा एटीएस-१ उपग्रह. तो ७ डिसेंबर १९६६ रोजी सोडला आणि पॅसिफिक महासागराच्या वर ठेवला. त्यावर व्हीएचएफ रेडिओ होता. त्याच्यामार्फत समुद्रावरच्या विमानातून जमिनीशी आणि जमिनीवरून विमानाशी बोलून पाहिलं गेलं. क्षितिजापलीकडे न जाणारा तोच रेडिओ, आता वर जाऊन खाली येत होता. खरखरीतून शब्द वेचावे लागत नव्हते. फक्त एक होतं. आवाजाला इतकं वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागे, उत्तर यायला आणखी पाव. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचं आणि मग आपण बोलायचं, ही शिस्त लागणारच होती.

या एटीएस-१ ची पुढची गोष्ट तर आपल्या आशाताईंनी ऐकण्यासारखी आहे. उत्तरेला बर्फाळ अलास्कातली खेडी रस्त्यांनी जोडलेली नव्हती. गावातली आरोग्यसेविका एचएफ रेडिओवर लांबच्या डॉक्टरला गाठायची आणि कित्येक दिवस आवाजच लागायचा नाही. १९७१ पासून त्यांतल्या वीसहून अधिक खेड्यांत या उपग्रहामार्फत डॉक्टरांशी रोज ठरल्या वेळी बोलण्याची सोय करून पाहिली. ज्या गावांचा आवाज आधी क्वचित लागे, त्यांचं बोलणं आता नेमानं होऊ लागलं. विमानांचं बोलणं ज्या रेडिओवर करून पाहिलं, त्याच्यावरून आता आजाऱ्याचा ताप आणि खोकला सांगितला जाऊ लागला.

चाचणी म्हटली की फसणंही आलं. ऑगस्ट १९६९ मध्ये सोडलेला एटीएस-५ वर जाऊन नको तसा गरगर फिरत राहिला. त्यामुळे त्याचा ॲन्टेना दर फेरीत क्षणभरच पृथ्वीकडे वळे आणि संदेश तुटक तुटक येत. अभियंत्यांनी तेवढ्या क्षणात जे मिळे त्यावरही प्रयोग केले आणि शिकले.

मग आला एटीएस-६. तो ३० मे १९७४ रोजी सुटला. त्याची छत्री ९ मीटर व्यासाची होती. ती घडी घालून नेली आणि वर जाऊन उघडली. विमानांसाठी यावर एल-बँड नावाच्या नव्या पट्ट्याचा प्रयोग होता. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातले देश त्यात सामील झाले. विमानात यंत्रं बसवून ती समुद्रावर उडवायची आणि वरच्या उपग्रहामार्फत बोलायचं, आकडे पाठवायचे, विमानाची जागा मोजायची.

या चाचण्यांत तपासायचं तरी काय? आम्हालाही आधी वाटलं, बटण दाबायचं, आवाज आला की झालं. तसं नसतं.

पहिली अडचण समुद्राचीच. उपग्रहाची लहर विमानावर थेट येते, आणि तीच लहर खाली पाण्यावर आपटूनही येते. मागून येणारी ही लहर थेट आवाजात मिसळते आणि आवाज खालीवर होतो. रिकाम्या विहिरीत हाक मारली की आपलाच आवाज आपल्या बोलण्यात मिसळतो, तसंच. उपग्रह क्षितिजाजवळ असला की हा त्रास वाढतो. समुद्र शांत असताना किती, खवळलेला असताना किती, हे मोजावं लागतं.

दुसरी अडचण विमानाची. ते वळताना कलतं आणि ॲन्टेनावर पंखाची किंवा शेपटीची आड येऊ शकते. म्हणून ॲन्टेना पाठीवर बसवावा की कुशीला, हे वेगवेगळ्या दिशांना वळून पाहावं लागतं. तिसरी अडचण वेगाची. गाडी जवळ येताना तिचा भोंगा वरच्या पट्टीत वाटतो, लांब गेली की खाली उतरतो. रेडिओच्या लहरींचंही तसंच होतं. विमान उपग्रहाच्या दिशेनं जातंय की उलट, यावर पट्टी जराशी सरकते, आणि यंत्राला ती सांभाळून घ्यावी लागते. हा सरकण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आणि आवाज "चांगला आला" म्हणजे किती चांगला? त्यासाठी ठरवलेल्या शब्दांची यादी एकानं वाचायची, दुसऱ्यानं ऐकून लिहायची आणि किती शब्द बरोबर आले ते मोजायचं. आकडे पाठवले तर त्यांतले किती चुकले ते मोजायचं. बोलणारा खूश आहे की नाही, याला तिथं किंमत नाही. ऐकणाऱ्याच्या कागदावर काय उतरलं ते बघतात.

आता आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. विमानांच्या चाचण्या आणि बाकीचे प्रयोग आटोपल्यावर १९७५ साली हाच एटीएस-६ आभाळात सरकवून आफ्रिकेच्या वर आणला. कशासाठी? तर आपल्या खेड्यांसाठी. विक्रम साराभाईंच्या पुढाकारानं १९६९ मध्ये भारत आणि अमेरिकेत तसा करार झाला होता. साराभाई १९७१ मध्येच गेले, पण काम थांबलं नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष या उपग्रहावरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले. शेती, आरोग्य, शाळा असे विषय. गावात जाळीची मोठी छत्री आणि सगळ्यांसाठी एक टीव्ही. या प्रयोगाचं नाव साइट. आपलं राज्य त्या सहांत नव्हतं. पण खेड्यातल्या माणसाच्या कामाचं काही थेट आभाळातून देता येतं, हे तिथं दिसलं. तिथंही नुसतं दाखवून थांबले नाहीत. संशोधक गावांत जाऊन राहिले आणि लोकांना काय दिसलं, काय समजलं, काय नाही, ते त्यांनी विचारलं. तीही पोचच म्हणायची.

इकडे विमानांचं काय झालं? प्रयोग जमला, पण गाडं पैशावर अडलं. अमेरिका, युरोप आणि कॅनडा मिळून एरोसॅट नावाचे खास विमानांचे उपग्रह सोडणार होते. खर्च मोठा. विमान कंपन्या म्हणाल्या, एवढं देऊन आम्हाला मिळणार काय? सत्तरचं दशक संपता संपता ती योजना बारगळली. गटात आपण पाहतोच की वस्तू चांगली असली तरी हप्ता कोण भरणार, यावर घोडं अडतं. शेवटी वाट निघाली ती जहाजांच्या मागून. जहाजांच्या संदेशांसाठी अनेक देशांनी मिळून १९७९ मध्ये इन्मारसॅट ही संस्था उभी केली होती. १९८५ मध्ये त्या देशांनी ठरवलं की तिचे उपग्रह विमानांनाही वापरू द्यायचे. वेगळी विहीर खणण्यापेक्षा आहे तिच्यावर दुसरा रहाट बसवला म्हणा ना.

मधल्या काळात, १९८३ मध्ये, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं एक समिती नेमली होती. पुढच्या काळात विमानांचं बोलणं, वाट शोधणं आणि नजर ठेवणं कसं असावं, हे तिनं सांगायचं होतं. तिच्या कामातून निघालेल्या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून फॅन्स म्हणतात. तिच्यातली मुख्य सुधारणा अशी की तोंडी बोलण्याऐवजी लेखी निरोप. नियंत्रक आपल्या पडद्यावर निरोप लिहितो, तो उपग्रहावरून वैमानिकाच्या पडद्यावर उमटतो. वाक्यं आधीच ठरलेली, म्हणजे प्रत्येकानं आपल्या मनानं लिहायचं नाही. उत्तरंही ठरलेली. "विल्को" म्हणजे समजलं आणि तसं करतो. "अनेबल" म्हणजे करता येणार नाही. "स्टँडबाय" म्हणजे थांबा, सांगतो. नुसतं वाचलं आणि गप्प बसलं, असं चालत नाही. उत्तर येईपर्यंत तो निरोप नियंत्रकासमोर उघडाच राहतो. शिवाय विमान आपली जागा स्वतःहून, ठरल्या वेळानं कळवत राहतं.

दक्षिण पॅसिफिकवर याच्या खऱ्या उड्डाणांतून चाचण्या झाल्या आणि १९९५ मध्ये बोइंग ७४७-४०० जातीच्या विमानांना ही पद्धत वापरायची मंजुरी मिळाली. ऑस्ट्रेलियाची क्वांटस ही सुरुवातीच्या कंपन्यांतली एक. पुढे नियम आणखी कडक झाले. विमानं जवळ आणायची असतील तर निरोप जाऊन त्याचं उत्तर परत येण्याचं सगळं काम २४० सेकंदांत, म्हणजे चार मिनिटांत उरकलं पाहिजे, अशी मर्यादा घातली. एकदा करून दाखवलं की झालं, असंही नाही. रोजच्या निरोपांना किती वेळ लागतो त्याची नोंद ठेवतात आणि कोणत्या जातीचं विमान, कोणतं केंद्र मागं पडतंय ते तपासतात. ज्या विमानांकडे आणि केंद्रांकडे ही सोय पक्की आहे, त्यांच्यात आता कित्येक समुद्री वाटांवर १२० ऐवजी ३० सागरी मैल, म्हणजे ५५ किलोमीटर अंतर पुरतं. विमानं तीच, समुद्र तोच. वाढली ती एकमेकांची खबर.

इतकं सगळं झाल्यावरही दोन घटना घडल्या. त्या सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होणार नाही.

१ जून २००९. एअर फ्रान्सचं विमान ब्राझीलमधल्या रिओहून पॅरिसला निघालं होतं. आत २२८ माणसं. अटलांटिकवर ब्राझीलची हद्द संपून आफ्रिकेतल्या डाकार केंद्राची हद्द सुरू होते. विमानानं उपग्रहामार्फत डाकारशी जोडणी करायचा तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा ती नाकारली गेली, कारण त्या उड्डाणाची आवश्यक नोंद तिथल्या यंत्रणेत नव्हती. पुढे विमान समुद्रात कोसळलं. कोसळण्याचं कारण वेगळं होतं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ धरला आणि त्यानंतर विमान सावरता आलं नाही. शेवटच्या काही मिनिटांत विमानाच्या यंत्रानं बिघाडाचे २४ संदेश उपग्रहावरून आपोआप पाठवले. पण ते दुरुस्तीवाल्यांसाठीचे होते, नियंत्रकांसाठी नव्हे. विमान गप्प आहे याचा गवगवा होऊन तातडीची सूचना निघायला जवळजवळ सहा तास गेले. प्रत्येकाला वाटलं, ते पुढच्याशी बोलत असेल. विमानाचा मुख्य सांगाडा समुद्रतळाशी सापडायला जवळजवळ दोन वर्षं लागली.

८ मार्च २०१४. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० हे विमान क्वालालंपूरहून बीजिंगला निघालं. आत २३९ माणसं, त्यांत पाच भारतीय. रात्री १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाचं शेवटचं बोलणं झालं. पलीकडच्या व्हिएतनामच्या केंद्राशी त्यानं लगेच बोलायचं होतं, तो बोलला नाही. "तुमचं विमान आलं नाही, कुठं आहे?" असं त्या केंद्रानं विचारायला जवळजवळ वीस मिनिटं गेली. शोध आणि बचावाची यंत्रणा जागी झाली ती पहाटे साडेपाचच्या सुमारास.

पण एक गोष्ट बोलत राहिली होती. विमानातलं उपग्रहाचं यंत्र. त्याच्याकडून तासभर काही आलं नाही की जमिनीवरचं केंद्र आपोआप विचारतं, "आहेस का?" आणि यंत्र उत्तर देतं, "आहे." त्यात कुठं आहे ते नसतं, फक्त आहे एवढंच. त्या रात्री ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या केंद्राशी अशी देवघेव होत राहिली. सकाळी ८ वाजून १९ मिनिटांनी यंत्राची शेवटची हाक आली. सव्वानऊला केंद्रानं पुन्हा विचारलं, तेव्हा उत्तर आलं नाही.

त्या "आहे" मधून इन्मारसॅटच्या अभियंत्यांनी दोन गोष्टी काढल्या. उत्तर यायला किती वेळ लागला, त्यावरून विमान उपग्रहापासून किती लांब होतं ते कळलं. आणि मघाशी सांगितलेलं ते पट्टी सरकणं, त्यावरून विमान कुठल्या दिशेला चाललं होतं ते कळलं. आपलं गणित बरोबर आहे का, हे त्यांनी इतर विमानांच्या नोंदींवर लावून पाहिलं. उत्तर आलं, दक्षिण हिंदी महासागर. पुढच्या वर्षी विमानाचा एक तुकडा रियुनियन बेटाच्या किनाऱ्याला लागला. त्यानंतरही समुद्राचा तळ धुंडाळला गेला, पण मुख्य सांगाडा सापडलेला नाही. घरची माणसं अजून वाट पाहतात.

विमान कित्येक तास "आहे" म्हणत होतं, आणि ऐकायला हवं त्या माणसांपर्यंत ते वेळेत पोचलं नाही. यानंतर नियम झाला. नोव्हेंबर २०१८ पासून समुद्रावरच्या मोठ्या प्रवासी विमानांची जागा विमान कंपनीला दर १५ मिनिटांनी कळली पाहिजे. २०१९ पासून तर पृथ्वीभोवती खालून फिरणाऱ्या ६६ उपग्रहांच्या ताफ्यामुळे भर समुद्रावरच्या विमानांनी सोडलेले जागेचे संदेशही थेट टिपता येऊ लागले.

मावशी, आता तुमच्या लेकाचं विमान. अरबी समुद्राचा मोठा भाग मुंबईच्या केंद्राकडे आहे. किनाऱ्याजवळ साधा व्हीएचएफ आणि रडार. पुढे समुद्रावर जुना एचएफ आहेच, आणि ज्या विमानांत सोय आहे त्यांना उपग्रहावरून लेखी निरोप. बंगालच्या उपसागरावर अशीच सोय चेन्नई आणि कोलकात्याहून आहे. जुना खरखरणारा रेडिओ काढून टाकलेला नाही, हेही ऐकून ठेवा. नवा बंद पडला तर जुना हाताशी हवा. पुढे ओमानची हद्द आली की मुंबई विमान त्यांच्या हवाली करते. समुद्रात टॉवर नाहीत, पण तुमचा लेक एकटा नसतो.

राहता राहिलो आम्ही. चौघींची बुडालेली मजुरी आम्हाला परत देता आली नाही. पुढच्या बैठकीत आम्ही त्यांची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि गटानं तीन गोष्टी ठरवल्या. निरोप देणारीनं वहीत प्रत्येकीच्या नावापुढे "पोच" असा रकाना करायचा. दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर ती गप्प आहे म्हणजे तिला कळलं असं धरायचं नाही, दुसऱ्या वाटेनं सांगायचं. वरच्या वाडीसाठी दुधाच्या गाडीवर चिठ्ठी आणि शाळेत जाणाऱ्या मुलीकडे तोंडी निरोप, असं दोन्ही. आणि निरोप मिळालेल्या बाईनं नुसतं "हो" म्हणायचं नाही, काय कळलं ते परत सांगायचं. "गुरुवारी अकराला, आधार आणि पासबुक घेऊन."

गेल्या गुरुवारी शिबीर झालं. वहीत एका नावापुढचा रकाना बुधवारी संध्याकाळीही रिकामा होता. आमच्यातली एक जण टॉर्च घेऊन वर गेली. ती बाई माहेरी गेलेली होती. शेजारणीकडून नंबर मिळाला, फोन लागला, आणि ती पहाटेच्या एसटीनं येऊन वेळेवर पोचली.

तुमच्या गटात निरोप कसा जातो? मध्ये कुठं अडतो? कुणाच्या नावापुढचा रकाना नेहमी रिकामा राहतो? पुढच्या बैठकीत एवढं बघा आणि आम्हाला कळवा. आम्ही वाट पाहतो.